उसाच्या रांगेत शब्दांचं झाड

बारामती-इंदापूरला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एकच विचारलं, कोण वारलं? या वयाची बाई तिकडे निघते म्हणजे एक तर दहावा, नाही तर जमिनीचा खटला, अशी पुण्यात समजूत आहे. मी सांगितलं, नातीच्या झाडाची परीक्षा घ्यायला गेले होते. त्यावर एकीने हळूच माझ्या सुनेला फोन केला. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

झाड शब्दांचं आहे. सायली, माझी नात, त्याला ऑन्टॉलॉजी म्हणते. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते दातांचं दुखणं वाटलं होतं. प्रकरण साधं आहे. एखाद्या विषयातले शब्द घ्यायचे आणि त्यांची सोयरीक मांडायची: कोण कुणाचा प्रकार, कोण कुणाचा भाग, कशामुळे काय होतं. हुमणी ही कीड, तांबेरा हा रोग, दोघंही उसाच्या मुळावर उठलेले, पण जात वेगळी. माणसाला हे कुणी बसून शिकवत नाही. यंत्राला शिकवावं लागतं. बारामतीत शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारं एक केंद्र आहे. शेतकरी आपल्या भाषेत बोलणार, यंत्र त्याचे शब्द झाडावर शोधणार आणि त्या फांदीला टांगलेला सल्ला वाचून दाखवणार. फांदी चुकली की सल्ला चुकला आणि सल्ला चुकला की पीक.

सायलीची तीन वर्षं या झाडात गेली होती. शुक्रवारी केंद्राची समिती बसून ठरवणार होती की तिचं झाड घ्यायचं, की बाहेरून तयार मिळणारा आराखडा विकत घ्यायचा. तो आराखडा जगातल्या सगळ्या उसांसाठी केलेला होता. त्यात खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, शोधूनही सापडत नव्हता. सायलीच्या मार्गदर्शकांनी तिचं झाड पाहून "छान आहे" असा शेरा दिला होता आणि ती तेवढ्यावर समितीपुढे निघाली होती. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आहे. "छान आहे" हे शब्द ऐकले की माझा हात अजून खडू शोधतो. मी म्हटलं, गाडी तू चालव, मी येते.

भिगवण

सोलापूर रस्त्याला लागलं की भिगवणला थांबायचं, हा आमच्या घरचा नियम. उजनीचं पाणी रस्त्यापासून लांब नाही. थंडीत त्यावर गुलाबी पाय घेऊन रोहित पक्षी उभे असतात आणि त्यांना बघायला आलेली माणसं शेवटी मासे खाऊन जातात.

खानावळीत मी चिलापी सांगितली, तळून, वर कांदा. सायली म्हणाली, "मलापण तेच." पोऱ्या गेला आणि मी तिला परीक्षा समजावली.

आपण उसाच्या माणसांपुढे तीन चिठ्ठ्या ठेवायच्या आणि विचारायचं, यातली वेगळी कुठली? समजा सुरू, आडसाली आणि तांबेरा. पहिल्या दोन लागणीच्या वेळा, तिसरा रोग. झाडावर जे दोन शब्द जवळच्या फांदीवर बसलेत, ते माणसाने एकत्र ठेवले आणि तिसरा बाजूला काढला, तर झाड त्या माणसाशी जुळलं. डोळे मिटून उचललं तरी तीनातून एकदा जुळणारच. त्याहून किती जास्त जुळतं, ते बघायचं. शिवाय संगणकाला सांगायचं की झाडाचा आकार तसाच ठेव, पण त्यावरचे शब्द पत्त्यांसारखे पिस, पुन्हा पुन्हा पिस, आणि अशी किती अंदाधुंद झाडं आपल्या झाडाइतकी जुळतात ते मोज. बरीच जुळली, तर आपण तीन वर्षं पत्ते पिसत होतो असं समजायचं.

"म्हणजे तू आधीच धरून चालतेस की माझं झाड बिनकामाचं आहे," सायली म्हणाली.

"हो. त्यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. मी तुझ्या आजोबांनाही त्याच हिशोबाने पसंत केलं."

ती हसली, पण काट्यातून मासा सोडवताना तिचं लक्ष नव्हतं. माझी चिलापी संपली तरी तिची अर्धी उरली होती. काळजीने भूक मेली असेल, असं मी मनात म्हटलं आणि तिची अर्धीही संपवली.

निमगाव केतकी

इंदापूरला मी पंचविशीत एकदा आले होते. परीक्षेच्या कामाला. त्या बाईचं, म्हणजे तेव्हाच्या माझंच, वर्णन करते, कारण सायलीला ते फार आवडतं. कडक इस्त्रीची साडी, उंच टाचांच्या चपला आणि घरून आणलेलं उकळलेलं पाणी. एसटीतून उतरल्यावर पहिलंच पाऊल काळ्या रानात टाकलं आणि चपला तिथेच राहिल्या. ती बाई नुसत्या मोज्यांवर, मान ताठ ठेवून शाळेपर्यंत चालत गेली आणि मुलांना वाटलं की पुण्यात तशीच पद्धत आहे. तिच्या डोक्यात संभाव्यतेचे सगळे नियम होते, फक्त चिखलात चप्पल अडकण्याची संभाव्यता तेवढी नव्हती. या खेपेला मी बूट घालून गेले.

निमगाव केतकीत सायलीच्या ओळखीच्या एका बागायतदाराकडे उतरलो. त्याने अंगणात सतरंजी टाकून ठेवली होती आणि उसाची माणसं बोलावली होती. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्यावर असा ठेचा की माझं पुणेरीपण नाकावाटे वाहून गेलं. दोघा-तिघांनी जेवता जेवताच चिठ्ठ्या लावायला घेतल्या. तेवढ्यात तात्या आले.

तात्या म्हणजे त्या गावातलं मोठं माणूस. पांढरंशुभ्र धोतर, डोळ्याला सोनेरी काडीचा चष्मा. शेतीचं एकही शिबिर त्यांनी चुकवलेलं नाही आणि प्रत्येक शिबिरात ते पहिल्या रांगेत बसतात. ते आल्यावर सगळे उठले. सायलीही उठली, त्यांच्या पाया पडली आणि आधी लावलेल्या चिठ्ठ्या गोळा करून म्हणाली, "तात्या, तुमच्यापासून सुरू करू या." मोठ्यांपासून सुरुवात, हे तिला मीच शिकवलंय. वाढताना, वाढदिवसाला, फोटोत, सगळीकडे.

तात्यांनी चिठ्ठ्या भरभर लावल्या. मग बाकीच्यांनी. प्रत्येक जण चिठ्ठी उचलायचा, एकदा तात्यांच्या चष्म्याकडे बघायचा आणि ठेवायचा. आधी ज्या दोघांनी वेगळी लावली होती, त्यांनीही या वेळी तात्यांसारखीच लावली. एकाला मी कारण विचारलं. "तात्यांनी ठिवलीया तशीच बरोबर हाय की," तो म्हणाला. शेवटी तात्या प्रसन्न होऊन सायलीला म्हणाले, "पोरी, तू बिनघोर जा. आमच्यात दोन मतं न्हाईत."

बारामतीच्या रस्त्यावर सायली गाणं म्हणत होती. झाड जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीला जुळलं होतं.

बारामती

बारामतीतले रस्ते इतके रुंद आणि स्वच्छ आहेत की पुण्याचा माणूस बिचकतो. आम्ही उतरलो होतो तिथल्या गच्चीत चहा घेत मी सायलीला सांगितलं की आजची उत्तरं वापरता येणार नाहीत.

तिने कप खाली ठेवला. "का?"

मी म्हटलं, अंगणात माणसं भरपूर होती, पण उत्तर एकच होतं. तात्यांचं. ते तू जितकी माणसं होती तितक्यांदा मोजलंस. तात्या शिबिरात जे शिकले, तेच शेतीच्या पुस्तकात होतं आणि त्याच पुस्तकावरून तू झाड केलंस. तू पुस्तकाला पुस्तकाशी जुळवून आलीस.

"आजी, ती माणसं ऊस लावतात. त्यांना कळत नाही का?"

"कळतं. म्हणून तर त्यांना विचारायला हवं होतं."

तिचे डोळे भरले. शुक्रवार अगदी तोंडावर आला होता, तिच्या हातात दाखवण्याजोगं काहीतरी लागलं होतं आणि तिची आजी ते काढून घेत होती. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?" तिने विचारलं.

हे लागलं. पण मी मागे हटले नाही. माझ्यासमोर ती पंचविशीतली बाई उभी होती, मोजे घातलेली. फळ्यावर टपोऱ्या अक्षरात "निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत" असं लिहून खाली दोन रेघा मारणारी. त्या रेघांच्या टोकाला ती वेलबुट्टीसुद्धा काढायची. उदाहरण नेहमी नाण्याचं. जन्मभर तिने नाणी उडवली आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही की नाणी एकमेकांना विचारून पडत नाहीत, माणसं विचारतात. त्यातून आपल्याकडची तर आधी थोरल्यांना विचारतात.

चहा निवला. सायलीने तोंड धुतलं, परत आली आणि लॅपटॉप मिटला. "समितीने विचारलं, की हे सगळे एकत्र बसले होते का," ती म्हणाली, "तर मला खोटं बोलता येणार नाही. पण आजी, या तालुक्यात माणूस एकटा सापडणार कुठे?"

खरोखरच कुठे? बाजारात विचारावं तर भोवती घोळका. शेतात विचारावं तर बांधावरून भाऊबंद येतो. घरी विचारावं तर दारातून पाच जण बोलतात. आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो होतो, तेवढ्यात खालच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला, कानठळ्या बसवणारं गाणं लावून. केबिनमध्ये एकटा माणूस. मी सायलीकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

माळेगावच्या वाटेवर

गाळपाच्या दिवसांत माळेगाव बुद्रुकच्या बाजूला कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची रांग लागते. मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, पुढे काचेच्या पेटीत एक माणूस. हवेत मळीचा आंबूस-गोड वास. वजनकाट्यापर्यंत नंबर यायला वेळ लागतो. प्रत्येकाचं आपापलं गाणं आणि आवाज एवढा की शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचं मत ऐकू येणं शक्यच नाही. अशी स्वतंत्र निरीक्षणं मला कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाली नसती.

पर्समध्ये मी सापशिडीचा फासा ठेवते. कशाला, ते विचारू नका. म्हाताऱ्या बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं. फासा टाकायचा, जितके पडतील तितके ट्रॅक्टर सोडून पुढच्यात चढायचं, म्हणजे आपण गोड चेहऱ्याची माणसं निवडून काढत नाही. घरचा ऊस आणणाऱ्यांनाच विचारायचं. नुसता भाड्याने चालवणारा निघाला तर त्याला नमस्कार करून उतरायचं. अर्ध्या रांगेत सायली, अर्ध्या रांगेत मी. ट्रॅक्टरची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर होती. मी गुडघ्याला चार शब्द सुनावले आणि चढले.

पहिल्याच गाडीवाल्याने गाणं बंद केलं, चिठ्ठ्या बघितल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "एकेकट्याला इचारताय. मतदान हाय व्हय, आजी?"

"तसंच समज."

"मंग मी कुणाला सांगनार न्हाय," असं म्हणून त्याने पाठ वळवून चिठ्ठ्या लावल्या.

दुसऱ्याने मला शेंगदाण्याची चिक्की दिली. तिसऱ्याच्या केबिनमध्ये मी असतानाच रांग हलली आणि त्याने गाडी सोडली. आरशात सायली पदर खोचलेल्या बाईसारखी ओढणी आवळून मागून पळताना दिसत होती. त्याला मी थांब म्हटलं, तर म्हणाला, "आता थांबलो तर नंबर जाईल. आजी, तुमी बसा निवांत, काट्यापर्यंत या." मग काट्यापर्यंत गेले. उसासकट माझंही वजन झालं असणार. पुढे बसलेली आजी वजनातून वजा करा म्हणून मी ओरडलेही, पण गाणं चालू होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा रस्त्याकडेला रसवंतीच्या बाकावर बसून सायलीने उत्तरं लॅपटॉपमध्ये भरली. लागणीची फांदी ताठ उभी राहिली. सुरू, आडसाली, खोडवा, जे जिथे बसवलं होतं ते माणसांनीही तिथेच बसवलं. संगणकाने शब्द हवे तितके पिसले, तरी असं जुळणारं झाड त्याला क्वचितच मिळालं. सायलीने माझा हात दाबला. मग तिने कीड-रोगांची फांदी तपासली आणि हात सोडला.

ती फांदी पडली होती. तीनातून एकदाही जुळत नव्हती. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी बरं झालं असतं.

"गेलं," ती म्हणाली. रसाचा पेला तसाच.

मी आकडे दोनदा पाहिले. मग मला हसू यायला लागलं आणि सायलीला वाटलं, उन्हाने झालं. "अगं, नुसत्या नशिबाने इतकं चुकता येत नाही," मी म्हटलं. "अजिबात कळत नसतं, तर तीनातून एकदा जुळलं असतं. त्याहून कमी जुळतंय, म्हणजे ही माणसं ठरवून दुसरंच काहीतरी लावतायत. आणि एकमेकांना न विचारता सारखंच लावतायत."

आम्ही चिठ्ठ्या बाकावर पसरल्या. हुमणी, लोकरी मावा, तांबेरा. झाडावर पहिल्या दोन किडी, तांबेरा वेगळा. पण माणसांनी हुमणीला बाजूला काढलं होतं. हुमणी, मर, लोकरी मावा. इथे झाड मर या रोगाला वेगळं काढतं, तर माणसांनी मावा काढला होता. सायली स्वतःच उठून अजून रांगेत असलेल्या, मला चिक्की देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे गेली आणि काचेवर टकटक केली.

"सोपं हाय," तो म्हणाला. "मावा आन् तांबेरा पानावर. हुमणी आन् मर बुडात, ऊस वाळतो."

"मग पानावर आलं की काय करता?"

"फवारतो की. दोन्हीला एकच औषद."

सायलीने कपाळाला हात लावला. किडीचं औषध तांबेऱ्यावर मारून पाण्यात पैसे घालण्यासारखं आहे, हे तिने त्याला तिथेच समजावलं. तो म्हणाला, मग तुमच्या फोनला हे सांगू द्या.

हे सगळं ऐकून मला बरं वाटलं. कीड आणि रोग हा भेद पुसून चालणार नव्हतं, औषध त्यावरच ठरतं. पण फोन करणारा माणूस "मला रोग झालाय" म्हणणार नाही, "पानावर काहीतरी आलंय" म्हणणार. झाडावर त्या वाटेने चढायला फांदीच नव्हती. प्रत्येक दुखण्याला जातीबरोबर जागाही लावायला हवी होती.

"आत्ता लावते," सायली म्हणाली आणि लॅपटॉप ओढला. "आणि लगेच याच उत्तरांवर पुन्हा तपासते. बघ आता कसं जुळतं."

मी लॅपटॉपवर हात ठेवला. "ज्याच्या मापाने सदरा बेतला, त्याच्याच अंगावर घालून किती छान बसला म्हणू नकोस. नवी फांदी नव्या माणसांपुढे तपासायची."

"नवी माणसं उद्यापर्यंत नाही मिळणार."

"मग उद्या ती फांदी पडलेलीच दाखवायची."

या वेळी ती रडली नाही. रस एका दमात पिऊन म्हणाली, "आणि नव्या माणसांत बायका घ्यायच्या. आजच्या अख्ख्या रांगेत एकही नव्हती. लागण कोण करतं मग?" हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी एका चिठ्ठीमागे 'बायका' असं लिहून घेतलं.

शुक्रवार

समितीच्या खोलीत मला मदतनीस म्हणून पाण्याच्या पिंपाशेजारची खुर्ची मिळाली. लांब टेबल. टोकाला अध्यक्ष, सगळे त्यांना आबासाहेब म्हणत होते. निवृत्त अधिकारी, भारदस्त मिशा, बोलायच्या आधी खाकरायची सवय. ते खाकरले की बाकीच्यांची पेनं थांबत.

सायलीने सगळं सांगितलं. निमगावची उत्तरं का टाकली, ते पहिल्यांदा. मग उभी राहिलेली फांदी. मग पडलेली फांदी, ती का पडली आणि दुरुस्त करूनही अजून तपासलेली नाही, हेही. एका सदस्याने विचारलं, "म्हणजे झाड पास, की नापास?" ती म्हणाली, एक फांदी पास, एक नापास, आणि तयार आराखड्याला अजून कुणी परीक्षेलाच बसवलेलं नाही.

आबासाहेब खाकरले. "तर माझं मत असं आहे—"

"सर," सायली म्हणाली, "एक विनंती आहे. तुमचं मत शेवटी सांगाल?"

मला माझ्या चपला पुन्हा काळ्या रानात रुतल्यासारखं वाटलं, पायात बूट असून. आबासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग टेबलाभोवती बघितलं. कुणीही मान वर केली नाही.

"सुरुवात कुणापासून?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात नव्या सदस्यांपासून."

ती एक तरुण कृषी अधिकारी होती. वही चाळत, अडखळत ती म्हणाली की लागणीची फांदी सेवेत घ्यावी आणि कीड-रोगांची नव्या लोकांपुढे तपासून झाल्यावर जोडावी. पुढच्याने होकार दिला. त्याच्या पुढचे म्हणाले, तयार आराखडा निदान पूर्ण तरी आहे. चौथे आणि पाचवे पुन्हा सायलीच्या बाजूने, आणि पाचव्यांनी तर बायकांना विचारायची सोय आपल्या गावात करतो म्हणून सांगितलं. मग सगळे टोकाकडे वळले.

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मी तयार आराखडा घ्या म्हणून सांगणार होतो," ते म्हणाले. "आता राहू दे. इतिवृत्तात लिहा, अध्यक्षांचं मत वेगळं होतं." मग सायलीला म्हणाले, "दुसरी फांदी घेऊन ये. मी पुन्हा शेवटीच बोलीन."

परतताना

बारामतीहून सरळ पुण्याला यायचं सोडून आम्ही वाकडी वाट करून भिगवणला आलो. त्याच खानावळीत, त्याच टेबलाशी. पाण्यावर ऊन पसरलं होतं आणि रोहित पक्षी एका पायावर उभे होते. पोऱ्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. या टेबलाशी मोठी मीच होते.

"थांब," सायली त्याला म्हणाली. "आधी मी सांगते. मला पिठलं-भाकरी."

"इथे?" मी म्हटलं. "माशाच्या खानावळीत?"

"मला मासे आवडत नाहीत, आजी."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

तिच्या लहानपणापासून आम्ही इथे येतो आहोत. दर वेळी मी आधी सांगते आणि दर वेळी ती म्हणते, मलापण तेच. आमच्या घरात चिलापीबद्दल दोन मतं नाहीत, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आले.

पोऱ्या पेन्सिल धरून उभा होता. मी चिलापी सांगितली. एकच.